डोंगरी वाटांवरील वाहन आणि आसांतर : पाटण तालुक्याच्या संदर्भात

सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्याची भूरचना वाहनाच्या निवडीचा प्रश्न फार स्पष्टपणे पुढे आणते. महाबळेश्वराकडून दक्षिणेस वाहणारी कोयना हेळवाकजवळ पूर्वेस वळते. तिच्या दोन्ही अंगांस बेसाल्टचे पायऱ्यापायऱ्यांचे उतार असून माथ्यावर जांभ्या खडकाचे सडे पसरले आहेत. कोयनानगर परिसरात वर्षाकाठी सुमारे ५,००० मिलिमीटर पाऊस पडतो. जुलै १९२१ नव्हे, तर अगदी अलीकडे, जुलै २०२१ मध्ये आंबेघर, मीरगाव व ढोकावळे येथे दरडी कोसळल्या, तेव्हा मदतीचे वाहन वाडीपर्यंत पोहोचते की नाही, हा प्रश्न जीवनमरणाचा ठरला. वाहनाची लांबी ही अशा ठिकाणी केवळ आवडीची बाब राहत नाही.

वाहनाच्या पुढील व मागील आसांमधील अंतरास इंग्रजीत व्हीलबेस म्हणतात. येथे त्यास आसांतर म्हटले आहे. स्वातंत्र्योत्तर काळात मुंबईत जोडल्या जाऊ लागलेल्या विलीस जीपचे आसांतर ८० इंच, म्हणजे सुमारे २.०३ मीटर होते. २०२० साली आलेल्या दुसऱ्या पिढीच्या 'थार'चे ते २.४५ मीटर, तर २०२४ च्या पाच दारी 'थार रॉक्स'चे २.८५ मीटर आहे. ही शेवटची दोन वाहने एकाच घराण्यातील असल्याने तुलनेस सोयीची आहेत.

पहिला विचार उल्लंघन-कोनाचा. वाहन उंचवट्याच्या माथ्यावर आले असता त्याचे पोट जमिनीस टेकू नये, यासाठी दोन्ही बाजूंच्या उतारांची बेरीज एका मर्यादेत असावी लागते. ही मर्यादा म्हणजे उल्लंघन-कोन होय. आसांतराच्या मध्याशी पोटाची उंची 'उ' आणि आसांतर 'आ' मानल्यास, अर्ध्या उल्लंघन-कोनाची स्पर्शज्या स्थूलमानाने २उ/आ इतकी येते. आखूड थारचा हा कोन २७ अंश, तर लांब रॉक्सचा २३.९ अंश दिला जातो. यावरून काढलेली पोटाची उंची दोहोंत जवळजवळ सारखी, अनुक्रमे सुमारे २९ व ३० सेंटीमीटर येते. अर्थात कोनातील फरक मुख्यतः आसांतराचाच आहे. दोन्ही बाजूंस १३ अंशांचा उतार असलेला बांध आखूड वाहन ओलांडील, लांब वाहन मात्र त्यावर टेकेल. लांब वाहनास तोच कोन मिळवून द्यावयाचा तर पोट सुमारे ४ सेंटीमीटर वर उचलावे लागेल, आणि त्याबरोबर गुरुत्वमध्यही वर जाईल.

दुसरा विचार वळणाचा. पुढील चाके ३५ अंशांत वळतात असे धरल्यास, पुढील आसाच्या मध्याच्या वर्तुळाची त्रिज्या आखूड वाहनास सुमारे ४.३ मीटर व लांब वाहनास सुमारे ५ मीटर येते. वाडीकडे जाणाऱ्या अरुंद वाटेवर एका दमात वळण घेणे आणि कड्याच्या बाजूस मागे सरून पुन्हा वळणे, यांतील भेद या ७० सेंटीमीटरांत सामावलेला असतो.

येथवर पारडे आखूड वाहनाकडे झुकते; परंतु चढावर ते उलट फिरते. गुरुत्वमध्य जमिनीपासून ७० सेंटीमीटर उंच व दोन्ही आसांच्या मधोमध मानला, तर २० अंशांच्या चढावर पुढील आसावर येणारा भार आखूड वाहनात सुमारे ३९.६ टक्के, लांब वाहनात सुमारे ४१ टक्के राहतो. जुन्या जीपच्या आसांतरास तो ३७.४ टक्क्यांवर येतो. आजच्या दोन वाहनांतील हा फरक लहान आहे, हे लक्षात घ्यावे. ओल्या जांभ्यावर मागील चाके घसरली असता वाहन किती वेगाने आडवे फिरते, हा भेद अधिक महत्त्वाचा. तेवढ्याच आडव्या घसरणीने आखूड वाहनाची दिशा अधिक बदलते आणि चालकास सावरण्यास अवधी कमी मिळतो. तसेच ३० सेंटीमीटरच्या खड्ड्यात पुढील चाके उतरली तर आखूड वाहन सुमारे ७ अंशांनी, लांब वाहन ६ अंशांनी झुकते.

तिसरी बाब भाराची. या भागात 'वडाप' म्हणून ओळखली जाणारी जीप प्रवाशांनी भरून चालते. मागील आसाच्याही मागे ठेवलेला प्रत्येक किलोग्रॅम पुढील चाके हलकी करतो, आणि नेमकी तीच चाके दिशा देत असतात. आडव्या निजविलेल्या रुग्णास नेण्यास आखूड वाहनात आसांच्या दरम्यान पुरेशी जागा मिळत नाही; लांब वाहनात ती मिळू शकते.

यावरून असा निष्कर्ष निघतो की निवडीचा निकष वाहनाच्या जातीत नसून वाटेत आहे. बांध, घळी व तीव्र वळणे यांनी भरलेल्या वाटेवर एकदोन माणसे व हलके सामान न्यावयाचे असल्यास आखूड आसांतर श्रेयस्कर. निसरड्या पण रुंद वाटेवर, अथवा रुग्ण व अधिक भार वाहावयाचा असता, लांब आसांतर योग्य. मात्र तत्पूर्वी वाटेवरील सर्वांत तीव्र माथा आणि सर्वांत अरुंद वळण ही दोन मापे घ्यावीत. त्यांपैकी एकही लांब वाहनास बाधक ठरत असेल, तर वाहनापेक्षा वाटेचा तेवढा तुकडा सुधारणे अनेकदा अधिक स्वस्त व अधिक लोकोपयोगी ठरते.