लाल की पांढरी? आधी बाटली कुठे उभी होती ते बघा

सुरुवातीलाच रेक्टर सरांसाठी एक खुलासा. या लेखातली एकही बाटली हॉस्टेलच्या गेटच्या आत आलेली नाही आणि येणारही नाही. दुसरा खुलासा ज्युनिअर मित्रांसाठी. महाराष्ट्रात वाईन प्यायला २१ वर्षं पूर्ण लागतात (हार्ड ड्रिंकला तर २५), शिवाय परवानाही लागतो. १९४९ च्या दारूबंदी कायद्यातली ही भानगड आहे, एका दिवसाचा परवाना दुकानातच मिळतो. ज्यांचं वय बसत नाही त्यांनी हा लेख केमिस्ट्रीचा समजून वाचावा. स्टाफने मनावर घ्यायला हरकत नाही.

आता हा विषय मलाच का सुचला? तर मी मूळचा दिंडोरी तालुक्यातला. आमच्या घरची दोन एकर बाग होती, वाईनच्या द्राक्षांची. २००१ साली महाराष्ट्र सरकारने द्राक्षप्रक्रिया धोरण आणलं, राज्यात बनणाऱ्या वाईनला अबकारी करात सवलत दिली, नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगलीत पलूसला वाईन पार्क काढले. त्याआधी नारायणगावला इंडाज होती, आणि १९९९ मध्ये नाशिकला राजीव सामंत यांनी सुला सुरू केली. (हे सामंत स्टॅनफर्डला इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग शिकलेले, ही माहिती आपल्या प्लेसमेंट सेलने नोंदवून घ्यावी.) मग काय, आमच्याकडे ज्याला त्याला वाईनची द्राक्षं लावायची होती. आप्पांनीही एका कंपनीशी करार करून शिराझ आणि चेनिन ब्लाँ लावली.

२००८ नंतर मंदी आली, मुंबईवरच्या हल्ल्यानंतर हॉटेलं ओस पडली, आणि वायनरीच्या टाक्या भरलेल्या त्या भरलेल्याच राहिल्या. आमच्या करारवाल्याने पुढच्या हंगामात माल उचलला नाही. हे द्राक्ष बाजारात नेऊन विकताही येत नाही, कारण मणी बारीक, साल जाड आणि आत बिया. मी तेव्हा सहा-सात वर्षांचा होतो. मांडवाच्या तारा तशाच ठेवून खालचे वेल मुळासकट काढताना मी बांधावर बसून बघितलंय. तिथे आता थॉमसन आहे. आणि गंमत म्हणजे आप्पांनी इतकी वर्षं ते द्राक्ष पिकवलं, पण त्याची वाईन कधी चाखली नव्हती.

गेल्या मे महिन्यात खरड छाटणीची कामं उरकून आप्पा रत्नागिरीला मामाकडे आले. म्हटलं आता चाखवूच. गावातल्या एका दुकानातून चांगली नऊशे रुपयांची पांढरी वाईन घेतली. मामीने सुरमई तळली. आप्पांनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, "यासाठी एवढा खटाटोप करत होतो होय रे आम्ही?" मीही चाखली. वास शिळ्या सफरचंदासारखा आणि चव सपक. रंग बघितला तर गवती पिवळा असायला हवा तिथे चहाकडे झुकलेला. पैसे गेले ते गेलेच, पण आप्पांचा चेहरा बघून जास्त वाईट वाटलं.

तिथून मी या गोष्टीच्या मागे लागलो. वाचलं, सुट्टीत घराजवळच्या दोन वायनरी बघितल्या, आणि एक गोष्ट लक्षात आली. आपल्या बजेटमध्ये (म्हणजे साधारण पाचशे ते हजार रुपये) कंपनीचं नाव आपण समजतो तेवढं महत्त्वाचं नसतं. बाटली किती जुनी आहे आणि दुकानात ती कशी ठेवली होती, यावर सगळं अवलंबून असतं.

थोडी प्रोसेस सांगतो. बहुतेक काळ्या द्राक्षांचा रसही पांढराच असतो, रंग असतो सालीत. पांढऱ्या वाईनला द्राक्षं आधी दाबून रस वेगळा काढतात आणि तो थंड टाकीत, १५ अंशांच्या आसपास, आंबवतात. लाल वाईनला सालीसकट आंबवतात, तेही जास्त तापमानाला, म्हणून सालीतला रंग आणि टॅनिन उतरतं. टॅनिन म्हणजे काय हे कोकणात समजावून सांगायची गरज नाही. काजूचं बोंडू खाल्ल्यावर जीभ जी जाड होते ना, तोच तुरटपणा. हे टॅनिन वाईनला ऑक्सिजनपासून थोडंफार वाचवतं. पांढऱ्या वाईनकडे हे कवच जवळपास नसतं, म्हणून ती लवकर बिघडते.

आता आपला मे महिना घ्या. वाईन १२ ते १५ अंशांला ठेवावी म्हणतात. एसी नसलेल्या दुकानात ३३-३४ अंश असतात. दर १० अंशांला रिअॅक्शनचा वेग साधारण दुप्पट होतो हे आपण जर्नलमध्ये लिहून लिहून दमलोय, म्हणजे इथे वाईन जवळजवळ चौपट वेगाने म्हातारी होते. त्यात माझी ती बाटली शोकेसमध्ये उभी होती आणि दुकानाचं तोंड पश्चिमेला! रोज संध्याकाळी उन्हात अंघोळ. मागच्या लेबलावर साल बघितलं तर चार वर्षांपूर्वीचं. हे सगळं मी पैसे देण्याआधी बघू शकलो असतो.

तेव्हा दुकानात गेल्यावर शोकेसमधली बाटली मागूच नका. आतली, शक्यतो फ्रीजमधली मागा. दुकानदार वैतागतो, वैतागू दे. लेबलावर द्राक्षाच्या हंगामाचं साल किंवा बाटली भरल्याचा महिना असतो. आपल्याकडे युरोपच्या उलट, जानेवारी ते मार्चमध्ये तोडणी होते. पांढरी शक्यतो गेल्या वर्षा-दोन वर्षांतली घ्या, लाल तीनपर्यंत चालेल. बूच वर सरकलेलं किंवा मानेशी ओघळ दिसला तर बाटली तापलेली आहे असं समजा. आणि फिरकीचं झाकण बघून नाक मुरडू नका. आपल्या हवेत आणि आपल्या किमतीत ते बुचापेक्षा भरवशाचं. शिवाय हॉस्टेलच्या पोराकडे बूच काढायचं स्क्रू कुठून असणार? (सर, हे फक्त उदाहरण.)

इम्पोर्टेड बाटलीचा मोह मलाही झाला होता. पण परदेशी वाईनवर आपल्याकडे वर्षानुवर्षं दीडशे टक्के आयात शुल्क होतं, त्यावर इतर कर आणि प्रत्येकाचं कमिशन. अलीकडे काही देशांशी करार होऊन ते थोडं उतरायला लागलंय, तरी दोन हजारांच्या इम्पोर्टेड बाटलीत मूळ वाईनचे पैसे किती, हे स्वतःच मांडून बघा. त्या पैशात नाशिकची किंवा अकलूजची कितीतरी वरच्या दर्जाची येते.

द्राक्षांपैकी पहिल्यांदा पिणाऱ्याने चेनिन ब्लाँने सुरुवात करावी. आपल्याकडे ती बहुतेक किंचित गोडसर करतात, आणि तिखट कोंबडी-वड्यांपुढे तो गोडसरपणा बरा वाटतो. सॉव्हिन्यो ब्लाँ (स्पेलिंगवर जाऊ नका) आंबट, हिरव्या ढोबळी मिरचीच्या वासाची. आपण माशावर लिंबू पिळतो ना, त्या जागी ही. लालमध्ये शिराझ. तिला काळ्या मिरीचा वास असतो आणि मटणाबरोबर ती जमते. कॅबर्ने सॉव्हिन्यो स्वस्तात घेऊ नये असं माझं मत. तुरटपणा तेवढा हाती लागतो, बाकी काही नाही. आणि गोव्याहून ट्रिपची मंडळी जी गोड 'पोर्ट' आणतात तिच्याबद्दल मी काही बोलत नाही, मित्र दुखावतात. एवढंच सांगतो की खरी पोर्ट ही पोर्तुगालच्या डोरू खोऱ्यातली. तिच्यात आंबवणं चालू असतानाच द्राक्षाचं स्पिरिट घालून ते थांबवतात, म्हणून साखर शिल्लक राहते.

एक चूक जवळजवळ सगळेच करतात. लाल वाईन रूम टेंपरेचरला प्यावी असं कुठेतरी वाचलेलं असतं. ती रूम युरोपातली हो, १६ ते १८ अंशांची! आपल्या रूमवर तीच वाईन गरम काढ्यासारखी लागते. लालसुद्धा अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. पांढरी दोन तास. उरली तर झाकण लावून परत फ्रीजमध्ये, तीन-चार दिवसांत संपवा. त्यानंतर तिचं व्हिनेगर व्हायला लागतं.

आप्पा परत जायच्या आदल्या दिवशी मी दुसरी बाटली आणली. या वेळी दुसऱ्या दुकानातून, फ्रीजमधली, गेल्याच वर्षीची, आणि पहिलीपेक्षा दोनशे रुपयांनी स्वस्त. चेनिनच. मामा म्हणाले, "दाजी, पोरगं ऐकणार नाही, घ्या एक घोट." आप्पांनी घेतला. काही बोलले नाहीत. परत घेतला. मग विचारलं, "ही आपल्याकडे होती तीच ना? मग गोडी कुठं गेली हिची?"

मी सांगितलं की यीस्ट साखर खातं आणि तिचं अल्कोहोल करतं. तेवीस ब्रिक्सचा माल असेल तर साधारण साडेबारा टक्के. आप्पा ऐकत राहिले. म्हणाले, "त्या कंपनीचा माणूस ब्रिक्स मीटर घेऊन यायचा. बावीसच्या खाली भरलं की माल तसाच वेलावर. एक ब्रिक्स वाढवायला पंधरा पंधरा दिवस पाणी तोडायचो आम्ही, रात्रीची झोप नसायची. आणि हे लोक ती गोडी यीस्टला खायला घालतात?"

मामी हसायलाच लागली. आप्पांनी ग्लास पुढे केला आणि म्हणाले, "ओत थोडी अजून. बघू तरी."