नकाशातली रेघ आणि छपराचा पत्रा

वागळे इस्टेटमधला पत्र्याच्या शेडचा मालक वादळाच्या नकाशात एकच पाहतो : रेघ ठाण्यावरून जाते का? पण ती रेघ केवळ वादळाच्या केंद्राची. भोवतीचा शंकू सांगतो तो केंद्र कुठवर सरकू शकेल एवढेच. नुकसानीची हद्द नव्हे. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ रायगडात धडकले. १७ मे २०२१ ला ‘तौक्ते’चे केंद्र मुंबईपासून दूर, समुद्रातूनच गुजरातेत गेले, तरी मुंबई-ठाण्यात झाडे कोसळली, भर समुद्रात ‘पी-३०५’ बार्ज बुडून कितीतरी कामगार दगावले. कच्ची घरे, वीजतारा यांचे काय होईल, हे हवामान खात्याच्या इशाऱ्यात असते. पण खाली, बारीक अक्षरांत. कर्जाच्या कागदावरचा असा मजकूर वाचणारे बँकेत मला क्वचितच भेटले. तोच नकाशावर ठळक मराठीत हवा : पत्रे उडतील, शेड आधीच रिकामी करा.