दैव, जिद्द आणि दीड एकर धान

झाडीपट्टीतला माणूस दैवावर हवाला ठेवून बसतो, पाऊस आला तर रोवणा करतो आणि न आला तर कपाळाला हात लावून स्वस्थ राहतो, असे मत नागपूर-वऱ्हाडाकडील सुशिक्षित मंडळी पिढ्यान्‌पिढ्या इतक्या निश्चिंतपणे बोलून दाखवीत आली आहेत, की ते तपासून पाहावे असे कोणाच्या मनात येत नाही. वास्तविक नागभीड, सिंदेवाही, ब्रह्मपुरी या मुलुखातून एक चक्कर मारणाऱ्यास दर दोन-चार कोसांवर जे तलाव दिसतात, तेवढेच या मताच्या खंडनास पुरेसे आहेत. गोंड राजांच्या अमदानीत, तलाव बांधील त्यास त्याच्या पाण्याखालची जमीन देण्याची चाल होती, आणि कोहळी समाजाच्या कसबी लोकांनी उताराची जमीन हेरून, मातीच्या पाळी घालून, पावसाचे पाणी धानाच्या बांध्यांपर्यंत आणून सोडले. पाऊस केव्हा पडावा हे त्यांच्या हाती नव्हते. पडलेला पाऊस कोठे थांबावा हे मात्र त्यांनी आपल्या हाती घेतले. पुढे 1951 मध्ये मालगुजारी संपुष्टात आली, तलाव सरकारजमा झाले, त्यांना 'मामा', म्हणजे माजी मालगुजारी, तलाव असे नाव पडले, आणि पाळीवरची माती गावाने घालावयाची की खात्याने, या प्रश्नाचा कागद एका दफ्तरातून दुसऱ्या दफ्तरात फिरू लागला. आजही पुष्कळ तलावांत गाळ साचलेला आहे, तो दैवाने आणून टाकलेला नाही.

हा झाला जुना गैरसमज. नवा याच्या नेमका उलट असून तो अधिक गोड आवाजात सांगितला जातो. आयुष्य सर्वस्वी तुमच्याच हाती आहे, तुम्ही केवळ मनोवृत्ती पालटा, यशाचे चित्र डोळ्यांसमोर ठेवा, म्हणजे परिस्थिती आपोआप वाकेल, अशा आशयाची व्याख्याने हल्ली तालुक्याच्या गावीही होतात, आणि ऐकणारा तरुण दोन दिवस उत्साहात व तिसऱ्या दिवसापासून अपराधी भावनेत वावरतो. कारण परिस्थिती वाकली नाही, याचा अर्थ दोष आपल्याच मनाचा, असा हिशेब त्याच्या गळी उतरविलेला असतो. या दोन्ही समजांची परीक्षा घेण्यास मानसशास्त्राच्या जाड ग्रंथांपेक्षा नागभीड तालुक्यातल्याच एका शेतकऱ्याचे चरित्र मला अधिक उपयोगी वाटते.

दादाजी रामाजी खोब्रागडे हे नांदेड या गावचे. मराठवाड्यातील नांदेड शहराशी या गावाचा नावापलीकडे संबंध नाही. शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन जेमतेम दीड एकर. 1983 च्या सुमारास आपल्या बांधीतल्या 'पटेल 3' या वाणाच्या धानात काही लोंब्या त्यांना निराळ्या दिसल्या, दाण्यांचा रंग पिवळसर. त्यांनी त्या वेगळ्या काढल्या, जपून ठेवल्या आणि पुढच्या पावसाळ्यात स्वतंत्र पेरल्या. त्यातून जो वाण निघाला तो एच.एम.टी. या नावाने महाराष्ट्रात, मध्य प्रदेशात, छत्तीसगडात आणि आंध्राकडे पिकू लागला. बारीक दाणा, भरडाईत अधिक उतारा आणि शिजल्यावर चांगली चव, असे त्याचे गुण. नाव पडले त्याचीही एक गंमत आहे. तळोधीच्या बाजारात हे धान आले तेव्हा त्याला नावच नव्हते, आणि व्यापाऱ्यांनी त्या काळी मनगटामनगटावर मिरवणाऱ्या घड्याळाचे नाव त्याला देऊन टाकले. ज्याने वाण शोधला त्याचे नाव देण्याचे कोणाला सुचले नाही. पुढे जे घडावयाचे होते त्याची ही नांदीच म्हणावी लागेल.

आता लोक म्हणतात, हा योगायोग. खोब्रागड्यांच्या बांधीत निराळी लोंबी निघाली, आमच्या निघाली नाही, एवढाच काय तो फरक. यातला पहिला भाग खरा आहे. धानाच्या पिकात असा फेर आपोआप घडून येतो, तो कोणाच्या जिद्दीने घडत नाही, आणि तो नेमका आपल्याच बांधीत घडावा ही गोष्ट कोणाच्याही ताब्यातली नाही. परंतु भेसळीच्या लोंब्या ज्या शेतात कधीच आल्या नाहीत असे धानाचे शेत मला कोणी दाखवून द्यावे. त्या सर्वांच्याच शेतात येतात, कापणीच्या घाईत विळ्याखाली जातात, भाऱ्यात बांधल्या जातात, पुंजण्यात रचल्या जातात आणि चुरण्यात इतर धानात मिसळून उखळात वा गिरणीत संपतात. योगायोग सर्वांना भेटतो आणि बहुतेकांच्या समोरून ओळख न देता निघून जातो.

आणि पाहणे हेही पुरेसे नव्हते. पाहण्यानंतर जे करावे लागते त्याचा तपशील थोडा जवळून पाहण्यासारखा आहे, कारण 'उद्देशपूर्ण कृती' हा शब्दप्रयोग व्यासपीठावर जितका तेजस्वी वाटतो तितकीच ती कृती प्रत्यक्षात चिखलाने माखलेली असते. मूठभर दाण्यांचे पऱ्हे निराळे टाकावयाचे. रोवण्याच्या धांदलीत, बाया ओळीने वाकून पेंढ्या लावीत असताना, तेवढे पऱ्हे इतरांत मिसळणार नाही याची राखण करावयाची. जंगल जवळ, रानडुकरांचा त्रास नित्याचा, म्हणून शेताच्या मध्यावर काही हात जागा राखून तिला काट्यांचे कुंपण घालावयाचे. लोंबी पिकली की ती निराळी कापून, बाकीच्या धानाबरोबर न चुरता हाताने झोडून, निराळ्या थैलीत घालून, उंदीर-घुशींपासून वाचवून पुढच्या मृगापर्यंत ठेवावयाची. धानाचे फूल बहुतांशी स्वतःच्याच परागाने फळते, त्यामुळे निवडलेल्या लोंबीचा गुण पुढच्या पिढीत बराचसा टिकतो, ही निसर्गाची कृपा खरी. परंतु ज्या बांधीत वर्षातून धानाचे एकच पीक निघते तेथे वर्षाकाठी प्रयोगही एकच होतो. चुकला तर दुरुस्तीस बारा महिने थांबावे लागते. 1988 च्या सुमारास, म्हणजे पाच पावसाळे उलटल्यावर, हे धान मूळ वाणापेक्षा सरस उतरते याची खोब्रागड्यांना खात्री पटली. घरात खाण्याच्या धानाची ओढाताण असताना पाच वर्षे बियाणे म्हणून ठेवलेल्या थैलीला हात न लावणे, याहून मनोनिग्रहाचे मोठे उदाहरण मी कोणास सांगू शकणार नाही, आणि तरी त्यांनी त्याला मनोनिग्रह हे नावही दिले नसते.

येथे स्वप्नरंजनाविषयी एक शब्द. यशाचे चित्र रंगविल्याने यश जवळ येते, या समजुतीची तपासणी परदेशांत झालेली आहे. गाब्रिएले ऑटिंगन या जर्मन मानसशास्त्रज्ञ विदुषीने आपल्या सहकाऱ्यासह 2002 मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला त्यात, विद्यापीठातून बाहेर पडणारे जे तरुण नोकरीच्या गोड कल्पनांत अधिक रमत असत, त्यांना दोन वर्षांनी नोकरीची बोलावणी कमी आली होती आणि पगारही कमी मिळत होता. मात्र आपल्याला काम मिळेल असा ज्यांचा साधा, अनुभवावर आधारलेला भरवसा होता त्यांची स्थिती चांगली होती. कल्पनेतले फळ मन आधीच चाखून बसते आणि हातपाय सैल पडतात; भरवसा मात्र मागच्या हंगामाच्या थैलीकडे बघून येतो. खोब्रागडे यांच्यापाशी होता तो हा दुसऱ्या जातीचा विश्वास.

'शिक्षण नाही, भांडवल नाही, जमीन नाही, मग आम्ही काय करणार' हा समज या कथेने खोडून निघतो हे सांगण्याची गरज नाही. परंतु त्याचा जो उलटा अर्थ लावतात, की पाहा, दीड एकरात माणसाने एवढे केले, तेव्हा साधनांचे महत्त्व काही नाही, तो तितकाच खोटा आहे. दीड एकरात वाण सापडू शकतो, पसरू शकत नाही. 1990 च्या सुमारास गावातल्याच एका मोठ्या शेतकऱ्याने बियाणे घेऊन ते काही एकरांत लावले, पीक भरघोस आले, आणि ते धान बाजारात गेले तेव्हा कोठे हा वाण नांदेडच्या शिवेबाहेर पडला. खोब्रागड्यांच्या जिद्दीला जमिनीची जोड मिळाली ती दुसऱ्याच्या सातबाऱ्यावरची.

आता सर्वांत घट्ट रुजलेल्या समजाकडे येतो, की प्रामाणिकपणे झटणाऱ्यास फळ मिळतेच. 1994 मध्ये पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या सिंदेवाही येथील केंद्राने खोब्रागडे यांच्याकडून पाच किलो बियाणे प्रयोगासाठी म्हणून नेले, आणि 1998 मध्ये 'पीकेव्ही एच.एम.टी.' या नावाने विद्यापीठाचा वाण प्रसृत झाला. मूळ बियाणे भेसळीचे होते, ते आम्ही शुद्ध केले, अशी विद्यापीठाच्या बाजूची मखलाशी. शुद्धीकरणाचे श्रम कोणी नाकारू नयेत. परंतु जे शुद्ध केले ते मुळात शोधले कोणी, हे सनदेवर लिहिण्यास शाईचा एक थेंब पुरला असता. खोब्रागडे दाद कोठे मागणार? शेतकऱ्याला वाणाचा जनक मानणारा कायदाच त्या वेळी या देशात नव्हता. तो झाला 2001 मध्ये, त्याचे प्राधिकरण स्थापन झाले 2005 मध्ये, आणि नोंदणी सुरू होण्यास 2007 साल उजाडले. खोब्रागडे यांना मिळालेले सन्मान सर्वांना ठाऊक आहेत. 2005 मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनचा पुरस्कार मिळाला, 2010 मध्ये 'फोर्ब्स' मासिकाने ग्रामीण भारतातील प्रभावशाली उद्योजकांच्या यादीत त्यांचे नाव घातले. यादीत नाव आले, घरात दारिद्र्य होते तसेच राहिले. अर्धांगवायूने आजारी असलेल्या या माणसाच्या औषधोपचारासाठी कुटुंबाला मदतीची याचना करावी लागली, आणि 3 जून 2018 रोजी गडचिरोलीजवळच्या शोधग्राम येथील रुग्णालयात त्यांचे निधन झाले.

तेव्हा जिद्दीचे सामर्थ्य किती? माझ्या मते उत्तर असे की, लोंबी, थैली आणि बांधी यांवर त्या माणसाचा संपूर्ण ताबा होता. बाजार, नाव, कायदा आणि दवाखाना यांवर काडीचाही नव्हता. पहिल्या बाबतीत त्याने कसूर केली नाही. दुसऱ्या बाबतीतली कसूर त्याच्या खाती मांडणे हा अन्याय आहे, आणि मनोवृत्तीचे व्याख्यान देणारे नकळत नेमका तोच करतात. खोब्रागडे तेथेही थांबले नाहीत हे आणखी विशेष. नांदेड चिन्नोर, नांदेड हिरा, विजय नांदेड, डी.आर.के. असे वाण त्यांच्या दीड एकरातून पुढेही निघत राहिले, आणि या नावांत त्यांनी गावाचे नाव आणि स्वतःची आद्याक्षरे न विसरता घातली. अनुभवाने शहाणा झालेला माणूस एवढे तरी करतोच.

जे एकट्याच्या ताब्यात येत नाही ते कित्येकदा गावाच्या ताब्यात येते, हेही याच अरण्यप्रदेशाने दाखवून दिले आहे. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे गोंडांचे छोटेसे गाव. देवाजी तोफा आणि त्यांच्या गावकऱ्यांनी घोषणा देण्याआधी अभ्यासगट चालविला. वनाचा कायदा, महसुलाचे कागद, ग्रामसभेचे अधिकार यांचा बसून काथ्याकूट केला. आणि निर्णय बहुमताने न करता सर्वसहमतीने करावयाचा असा दंडक घालून घेतला. वनहक्क कायद्याखाली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क त्यांना 2009 मध्ये मिळाला. परंतु बांबू आपला असला तरी तो विकून वाहून नेण्याचा परवाना वनखात्याच्याच हाती, अशी अवस्था आणखी काही काळ राहिली, आणि एप्रिल 2011 मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी स्वतः गावात येऊन परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हवाली केले तेव्हा कोठे तो तिढा सुटला. तेथेही मनोवृत्ती होतीच. फरक एवढा, की तिच्यामागे कागद वाचलेली माणसे आणि एकमेकांना धरून राहिलेले घर न् घर उभे होते.

नागभीड तालुक्यातील धान उत्पादकांना शेवटी एवढेच सांगावयाचे आहे. ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांपासून राखलेला किंवा स्वतः निवडून काढलेला धानाचा निराळा वाण आहे, त्यांना 2001 च्या कायद्याप्रमाणे तो आपल्या नावे नोंदविता येतो, आणि शेतकऱ्यास या नोंदणीची फी माफ आहे. अर्जावर ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीची किंवा जिल्हा कृषी अधिकाऱ्याची शिफारस चालते. अर्ज भरण्याची माहिती सिंदेवाहीच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारावी. बियाणे प्रयोगासाठी म्हणून कोणीही मागावयास आले तर अवश्य द्यावे, परंतु तारीख, वजन आणि वाणाचे नाव घालून लेखी पोच घेतल्याखेरीज देऊ नये.