ठिणगी केव्हा पाडावी?

मंडळी, कार्यकारणभावासाठी आज आपण जरा वेगळं उदाहरण घेऊ: टर्बोचा दाब वाढवलेली पेट्रोल गाडी. दाब वाढला की सिलिंडरमध्ये हवा जास्त जाते, मग पेट्रोलही जास्त लागतं. निव्वळ पेट्रोल पूर्ण जळायला ग्रॅममागे साधारण 14.7 ग्रॅम हवा लागते. पूर्ण दाबाखाली मात्र हे प्रमाण 12 च्या आसपास आणतात. जादा पेट्रोलमुळे मिश्रण थंड राहतं.

आता ठिणगी. ज्वाला पसरायला वेळ लागतो, म्हणून पिस्टन वर पोचण्याआधीच ती पाडायची. 3000 आरपीएमला क्रँकशाफ्ट एका मिलिसेकंदात 18 अंश फिरतो. पण फारच लवकर पाडली, तर ज्वाला पोचण्याआधीच उरलेलं मिश्रण दाबानं नि उष्णतेनं आपोआप पेटतं. हे नॉकिंग. ते जोरात चालू राहिलं, तर पिस्टनला तडे जातात.

आतलं आपल्याला दिसत नाही. नैयायिक धुरावरून अग्नी ओळखतात, तसा नॉक सेन्सर कंपनांवरून नॉकिंग ओळखतो. पण कंपन सैल ब्रॅकेटचंही असू शकतं! म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पेट्रोल तेवढंच ठेवून ठिणगी दोन अंश मागे घेतली आणि कंपन थांबलं, तर संशय नॉकिंगवर. तरीही चालूच राहिलं, तर ब्रॅकेट तपासा.

हा झाला व्यतिरेक. अन्वयासाठी ठिणगी पुन्हा पुढे न्यावी का? तर्क म्हणेल, न्या. पूर्ण दाबाखाली मात्र त्या पुराव्याची किंमत पिस्टन असू शकते. तिथे आपण संशयावरच थांबायचं.