करवतीचा जीर्णोद्धार

जुन्या पोथीचे संपादन करताना मूळ पाठाला धक्का लावायचा नाही, हा आपला दंडक. तोच दंडक जुन्या यंत्राला लावता येईल का? मी शिक्षणाने अभियंता नाही. तरी या प्रश्नाचा माग काढताना मला सर्वांत बोलके उदाहरण सापडले ते अमेरिकेतील एका सुतारी यंत्राचे.

मिलवॉकीच्या डेल्टा कंपनीने १९३९ साली ‘युनिसॉ’ ही टेबल-करवत बाजारात आणली. वर बिडाचे जड टेबल, त्याच्या फटीतून डोकावणारे दहा इंची गोल पाते आणि खाली बंद पेटीत मोटार. तिरका काप घ्यायचा तर टेबल आडवेच राहते, पाते कलते. या जुन्या करवती आजही हौशी कारागीर विकत घेतात आणि पुन्हा चालू करतात.

काम सुरू होते गंजापासून. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात गंजका भाग बुडवून बॅटरी चार्जरचे ऋण टोक त्याला आणि धन टोक साध्या लोखंडी पत्र्याला जोडतात. गंज सुटतो, लोखंड झिजत नाही. पत्रा स्टेनलेस स्टीलचा नसावा. त्यातल्या क्रोमियमपासून विषारी संयुगे बनतात. काम उघड्यावर करावे, कारण हायड्रोजन वायू निघतो. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून तो कोरडा घासायचा नाही. पाते वर-खाली करणाऱ्या दात्यांत वंगण आणि भुसा यांचा दगड झालेला असतो. तो खरवडून तेथे मेण लावतात. ग्रीस लावले तर भुसा पुन्हा चिकटतो. शेवटी बेअरिंगे बदलतात.

मोटार तीन फेजची असेल तर घरच्या एक फेजच्या विजेवर ती चालवायला व्हीएफडी हे उपकरण बसवतात. त्याने मोटार हळुवार सुरू होते, ब्रेकही लावता येतो. पण ब्रेक फार करकचून लावला तर फिरते पाते स्वतःच्या जोराने नट सैल करू शकते.

येथवर मूळ पाठ शाबूत आहे. खरा प्रश्न पात्याच्या मागच्या बाजूला आहे. पाते मिनिटाला चार हजार फेरे घेत असेल तर दात्याचा वेग ताशी १९० किलोमीटर होतो. चिरलेली फळी मिटून पात्याला आवळू लागली, की मागून वर येणारे दाते तिला उचलून कारागिरावर भिरकावतात. कधी त्याचा हातही पात्याकडे ओढला जातो. यावर उपाय म्हणजे पात्यामागे उभी पोलादी पट्टी, रायव्हिंग नाइफ. ती पात्याबरोबर वर-खाली होते आणि काप मिटू देत नाही. ब्रिटनच्या कारखान्यांत अशी पट्टी १९२२ च्या नियमांनी सक्तीची झाली. अमेरिकेच्या सुरक्षा मानकाने नव्या रचनेच्या करवतींना ती आवश्यक केली २००८ मध्ये! मधल्या काळातल्या युनिसॉवर होता तो पात्याबरोबर वर-खाली न होणारा दुभाजक. खाच पाडताना तो काढावाच लागे, आणि काढलेला पुष्कळदा परत बसत नसे. जुन्या बाजारात अनेक यंत्रे त्याच्याविना मिळतात.

म्हणून ‘अगदी मूळ रूपात’ केलेला जीर्णोद्धार मूळची उणीवही जपतो. खरी रायव्हिंग नाइफ जुन्या सांगाड्यात बसवणे अवघड; निदान झटकन काढता-घालता येणारा दुभाजक तरी बसवावाच. बोट लागताच मिलिसेकंदांत पाते थांबवणारी, स्टीफन गास यांनी १९९९ मध्ये शोधलेली यंत्रणा मात्र जुन्या करवतीला जोडता येत नाही. ही मर्यादा मान्य करूनच तिच्यापुढे उभे राहायचे.

पोथीतली चूक जपली तर पुढचा अभ्यासक ती तळटीपेत दाखवतो. यंत्रातली चूक जपली तर ती बोटे मागते. बीड जपावे, घडण जपावी. धोका जपू नये.