गाडी रात्रीत बसते? कम्प्रेसर बदलण्याआधी गळती शोधा

पुणे-नाशिक रस्त्याने मोशी ओलांडून चाकणकडे निघाले की कुरुळी लागते. कारखान्यांच्या या पट्ट्यात गॅरेजच्या धंद्यात आपलेही बरेच कारागीर आहेत. इथल्या एका तरुण उस्तादाची हकीगत आम्ही ऐकली. त्याच्याकडे जुनी डिस्कव्हरी ३ आली होती. सकाळी गाडी जमिनीला टेकलेली असे. कम्प्रेसर जळालेला दिसला, त्याने नवा बसवला. तीन महिन्यांत नवाही तापून बंद पडू लागला आणि गिऱ्हाईक दारात उभे राहिले : "भाई, नवा टाकला तरी गाडी बसतेच कशी?" निम्मी रक्कम पदरची गेली आणि नाव गेले ते वेगळेच.

या गाड्या आता आपल्याकडे वाढत्या संख्येने येणार आहेत. रेंज रोव्हरमध्ये एअर सस्पेन्शन १९९२ साली आले. टाटा मोटर्सने २००८ साली जग्वार लँड रोव्हर कंपनी विकत घेतली आणि २००९ पासून डिस्कव्हरी, रेंज रोव्हर स्पोर्ट या गाड्या भारतात रीतसर विकल्या जाऊ लागल्या. त्यांचे पहिले मालक बदलले. दुसरा-तिसरा मालक कंपनीच्या वर्कशॉपचा खर्च सोसत नाही, तो आपल्याकडे येतो.

रचना अवघड नाही. स्प्रिंगच्या जागी प्रत्येक चाकाला रबरी फुगा, हवा भरणारा कम्प्रेसर, हवेची टाकी, हवा वाटणारे व्हॉल्व्ह ब्लॉक आणि प्रत्येक चाकाची उंची सांगणारा सेन्सर. फुगा जुना झाला की घडीवर तडकतो. थोडी थोडी हवा जाते, ती भरून काढायला कम्प्रेसर पुन्हा पुन्हा चालतो, तापतो, त्याची पिस्टन रिंग झिजते. म्हणजे जळालेला कम्प्रेसर हा बहुधा दुसऱ्याच्या चुकीची शिक्षा भोगत असतो.

यात आणखी एक गोष्ट आहे, जी फारसे कारागीर लक्षात घेत नाहीत. कम्प्रेसरबरोबर ओलावा शोषणाऱ्या दाण्यांचा ड्रायर असतो. गाडी खाली येताना सोडलेली कोरडी हवा या दाण्यांतून उलटी जाते आणि त्यांना पुन्हा सुकवते. हवा फुग्यातून गळू लागली की ती ड्रायरकडे परत येतच नाही. दाणे ओले राहतात, फुटतात, त्यांची भुकटी व्हॉल्व्हमध्ये अडकते. पावसाळ्यात हे लवकर होते. कम्प्रेसर उघडला तर दाणे बदलल्याशिवाय बंद करू नये. रिलेही त्याच वेळी बदलावा. जुन्या रिलेचे पॉइंट चिकटले तर कम्प्रेसर थांबत नाही.

गळती शोधायला महाग यंत्र लागत नाही. रात्री गाडी सपाट जागेवर उभी करा. चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंत टेपने चारही बाजूंचे माप घेऊन लिहून ठेवा, सकाळी पुन्हा घ्या. मात्र आधी सस्पेन्शनचा फ्यूज काढा. डिस्कव्हरी ३ चे कंट्रोल युनिट इंजिन बंद असतानाही ठरावीक वेळाने जागे होते आणि सर्वांत खाली गेलेल्या चाकाच्या उंचीला बाकीची चाके आणून ठेवते. गळती एकाच फुग्यात असते आणि गाडी मात्र चारही बाजूंनी बसलेली दिसते. आमच्या उस्तादाची फसगत इथेच झाली होती. फ्यूज काढल्यावर फक्त मागचे उजवे चाक खाली गेले.

नंतर गाडी सर्वांत उंच करून साबणाचे पाणी मारावे. घडी उघडते आणि तडा असल्यास बुडबुडे दिसतात. नळीचे जोडही तपासावेत. पुढची दोन्ही चाके बसत असतील तर पुढच्या व्हॉल्व्ह ब्लॉकचा संशय घ्यावा.

हवेच्या भरवशावर गाडीखाली कोणी शिरू नये. लोखंडी स्टँड लावल्याशिवाय हात घालू नये आणि हवा सोडल्याशिवाय नळी ढिली करू नये. आतला दाब टायरच्या कितीतरी पट असतो.

सेन्सर बदलला तर कॉम्प्युटरवर उंची पुन्हा ठरवावी लागते. वेगळ्या बनावटीचा कम्प्रेसर टाकला तर गाडीचे सॉफ्टवेअरही बदलावे लागू शकते. ते यंत्र आपल्याकडे नसेल तर तसे आधीच सांगावे.

काही गिऱ्हाइके कंटाळून साधी कॉइल स्प्रिंग मागतात. बसवायला हरकत नाही, पण उंची कमी-जास्त करण्याची सोय जाईल आणि वेगळी जोडणी केली नाही तर डॅशबोर्डवरचा दिवा जळत राहील, हे पैसे घेण्याआधी सांगावे. धान्याच्या ढिगात हात घालून आतली ओल बाहेर काढल्याची हदीस आपल्याला ठाऊक आहे. दिव्याचा बल्ब काढून "काम झाले" म्हणणारे गॅरेजवाले आम्ही पाहिले आहेत.

त्या डिस्कव्हरीला मागचा उजवा फुगा नवा बसला, त्याच्या जोडीचा डावाही बदलला. कम्प्रेसरला फक्त रिंग आणि दाणे लागले.