पोलादी पुलांच्या भेगा : बुजविणे म्हणजे दुरुस्ती नव्हे

२१ ऑक्टोबर १९९४ रोजी सकाळी, शाळा-कचेऱ्यांच्या वेळी, दक्षिण कोरियाची राजधानी सोल येथील सोंगसू पुलाचा ४८ मीटर लांबीचा गाळा हान नदीत कोसळला आणि ३२ जणांना प्राण गमवावे लागले. १९७९ मध्ये वाहतुकीस खुला झालेला हा पूल जेमतेम पंधरा वर्षांचा होता. त्या दिवशी भूकंप झाला नव्हता, की नदीला पूर आला नव्हता. चौकशीत दोष आढळला तो सांध्यांच्या वेल्डिंगमध्ये. अपुऱ्या वेल्डिंगमुळे दुबळ्या राहिलेल्या जागी भेग सुरू झाली आणि रोजच्या वाहतुकीने ती वाढत गेली.

या प्रक्रियेला धातूचा थकवा किंवा शिणवटा म्हणतात. लोखंडी तार एकदा वाकविली तर तुटत नाही. तीच तार पुन:पुन्हा उलटसुलट वाकविली की सहज तुटते. पुलावरून प्रत्येक ट्रक जाताना पोलादावरील ताण वाढतो आणि ट्रक गेल्यावर उतरतो. अशी लाखो आवर्तने झाल्यावर, एरवी सहज पेलला जाणारा भारही भेग निर्माण करू शकतो. जर्मन अभियंता ऑगस्ट व्होलर याने एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या आसांवर केलेल्या प्रयोगांतून दाखवून दिले, की या बाबतीत ताण किती मोठा आहे यापेक्षा त्यात किती चढउतार होतो, हे अधिक महत्त्वाचे असते. वेल्ड केलेल्या भागांत हा चढउतार निम्मा केला, तर आयुष्य साधारण आठपट वाढते. दुरुस्तीचे सारे शास्त्र या एका नियमावर उभे आहे.

भेग कोठेही पडत नाही. पोलादाचा आकार जेथे एकाएकी बदलतो आणि वेल्डची कड जेथे संपते, तेथे ताण एकवटतो. अमेरिकेतील कनेटिकट राज्यात ब्रिजपोर्ट येथे १९५८ मध्ये सुरू झालेल्या यलो मिल पाँड पुलाचे उदाहरण प्रसिद्ध आहे. गर्डर बळकट व्हावेत म्हणून त्यांच्यावर जादा पट्ट्या वेल्ड केल्या होत्या. १९७० मध्ये भेग सापडली, ती नेमकी अशा पट्टीच्या टोकापाशी. बळकटीसाठी जोडलेला भागच दुबळेपणाचे कारण ठरला होता.

भेग सापडल्यावर ती वेल्डिंगने भरून टाकावी, असे कोणालाही वाटेल. परंतु पुलावर, अवघड जागी केलेले वेल्डिंग निर्दोष होणे कठीण असते. शिवाय त्याच्या उष्णतेमुळे पोलादात नवे अंतर्गत ताण राहून जातात. त्यामुळे भेग वरून दिसेनाशी होते, पण काही काळाने त्याच जागी पुन्हा डोके वर काढते.

त्याऐवजी अभियंते प्रथम जे करतात, ते ऐकून आश्चर्य वाटेल. ते भेगेच्या टोकाशी पोलादाला छिद्र पाडतात! भेगेचे टोक अतिशय तीक्ष्ण असते आणि त्या तीक्ष्णतेमुळेच तेथे ताण एकवटून भेग पुढे सरकते. गोल छिद्राने ते टोक नाहीसे होते व ताण परिघावर विभागला जातो. मात्र टोक छिद्रात पूर्णपणे आले पाहिजे. ते डोळ्यांना दिसते त्याच्या थोडे पुढे असू शकते. म्हणून रंगद्रव्याच्या किंवा चुंबकीय कणांच्या साहाय्याने आधी त्याचा माग काढतात आणि छिद्र पाडल्यावर पुन्हा तपासणी करतात. छिद्राची कड घासून गुळगुळीत करतात. कधी त्यात उच्च क्षमतेचा बोल्ट बसवून तो घट्ट आवळतात.

पण छिद्र केवळ उसंत देते. भेग मोठी असेल, तर दोन्ही बाजूंनी पोलादी पट्ट्या लावून त्या बोल्टने आवळतात आणि भार नव्या मार्गाने वळवितात. भेग नुकतीच सुरू झाली असेल, म्हणजे खोली सुमारे तीन मिलिमीटरपर्यंत असेल, तर वेल्डची कड हवेच्या दाबावर चालणाऱ्या हातोडीने ठोकून काढतात. त्यामुळे पृष्ठभाग दाबाखाली राहतो व भेग उघडू शकत नाही. यलो मिल पाँड पुलावर १९७६ मध्ये हा उपाय, तसेच वेल्डची कड पुन्हा वितळवून घेण्याचा उपाय केला गेला.

तरीही मूळ प्रश्न उरतो : भेग पडली कशामुळे? १९३८ मध्ये बेल्जियममधील हासेल्ट येथील वेल्ड केलेला पूल ठिसूळपणे तुटून कोसळला. अशा घटनांचा धसका घेऊन, गर्डरच्या ताण सोसणाऱ्या आडव्या पट्टीला आडवे भाग वेल्ड करू नयेत, असा दंडक रूढ झाला. गर्डरच्या उभ्या पत्र्याला जोडपट्टी लावली जाई, पण ती आडव्या पट्टीच्या थोडी अलीकडेच थांबे. शेजारचे गर्डर कमी-अधिक खाली वाकले, की त्यांना जोडणारे आडवे भाग उभ्या पत्र्याला ओढत आणि सारी हालचाल त्या लहानशा मोकळ्या जागेत एकवटे. सावधगिरीसाठी ठेवलेल्या फटीतच पुढे असंख्य पुलांना भेगा पडल्या. अशा ठिकाणी नुसते छिद्र पुरत नाही. जोडपट्टी बोल्टने आडव्या पट्टीशी पक्की बांधावी लागते, म्हणजे ही हालचालच थांबते.

आणि या सर्वांआधी भेग दिसली पाहिजे. अमेरिकेतील मेम्फिस येथे मिसिसिपी नदीवरील हर्नांडो डी सोटो पुलाच्या एका मुख्य भागाचा तडा ११ मे २०२१ रोजी लक्षात आला व पूल तत्काळ बंद झाला. नंतर २०१९ मधील ड्रोनचित्रण पाहिले, तर तोच तडा त्यातही दिसत होता! जवळपास दोन वर्षे त्यावरून वाहतूक सुरूच होती. पूल पोलादी पट्ट्या बसवून वाचला आणि ऑगस्टच्या आरंभी पूर्ववत सुरू झाला.

पोलाद थकते, पण एकाएकी दगा देत नाही. बहुधा आधी एक बारीक रेघ उमटते. ती वेळीच पाहणारा डोळा आणि ती का उमटली हे विचारणारे मन, यांवरच पुलावरून जाणाऱ्यांचे प्राण अवलंबून असतात.